दाण्याच्या लोण्याची जोड

पावाच्या एका कापाला भाजलेल्या शेंगदाण्यांचे मऊ वाटण आणि दुसऱ्याला फळाच्या रसाची जेली लावून दोन्ही काप एकमेकांवर ठेवले की जो पदार्थ तयार होतो, तो अमेरिकेत कोट्यवधी मुलांच्या शाळेच्या डब्यात गेली अनेक दशके जात आला आहे. तेथे वाढलेल्या माणसाला ही चव घराची वाटते. फ्रान्समध्ये किंवा इटलीत वाढलेल्या माणसाला मात्र त्याच घासात चिकट, जड आणि अनाकलनीय असे काहीतरी लागते. गोडाची आवड हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न मानला जातो, परंतु पावाला काय लावावे याची निवड जिभेपर्यंत पोहोचण्याआधी शेती, कायदे, युद्धे आणि लहानपण यांनी बरीचशी ठरवून टाकलेली असते, आणि पीनट बटर सँडविचच्या इतिहासात हे जितके उघडपणे दिसते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या पदार्थात दिसत असेल.

शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग तेलाचा आणि सुमारे पाव भाग प्रथिनांचा असतो. मिक्सरमध्ये दाण्याचा कूट करताना भांडे जरा जास्त वेळ फिरले, तर कोरडा कूट आधी कडेला चिकटू लागतो, मग त्याचे गोळे होतात आणि अखेरीस तेल सुटून तो सैल पडतो, हा अनुभव मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. कूट बिघडला असे समजून जेथे हात थांबतो, तेथूनच पीनट बटर सुरू होते. त्याचा खमंगपणा मात्र दळण्यातून नव्हे, तर भाजण्यातून येतो, कारण उष्णतेमुळे दाण्यातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात ‘मेयार अभिक्रिया’ ही रासायनिक प्रक्रिया घडून पायराझिन नावाची सुगंधी संयुगे तयार होतात, आणि भाजल्या दाण्याचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचाच असतो.

दक्षिण अमेरिकेत उगम पावलेले हे पीक पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे आफ्रिका आणि आशियात पोहोचले. दाणे वाटून खाणे ही कल्पना कोणा एकाची नसली, तरी आधुनिक पीनट बटरचे पेटंट शोधू गेल्यास पहिला टप्पा कॅनडात सापडतो. माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ साली भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे आरोग्यधाम चालवणारे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी मांसाहार टाळणाऱ्या रुग्णांसाठी दाण्यांचे वाटण करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८९५ मध्ये मागितले. केलॉग दाणे भाजण्याऐवजी वाफवणे पसंत करीत, त्यामुळे त्यांच्या वाटणाला आजचा खरपूस स्वाद नसणार हे उघड आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पीनट बटर हे मुलांचे नव्हे, तर न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू चहागृहांतील नाजूक सँडविचमध्ये घालण्याचे खाणे होते, ही गोष्ट आज सहजी खरी वाटत नाही.

दाण्यांना जेलीची जोड देणारी पहिली ज्ञात छापील कृती ज्युलिया डेव्हिस चँडलर यांनी १९०१ मध्ये बॉस्टनच्या एका पाककला मासिकात लिहिली. येथे ‘जेली’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण ब्रिटनमध्ये हा शब्द जिलेटिनने गोठवलेल्या, थरथरणाऱ्या गोड पदार्थासाठी वापरतात, तर अमेरिकेत फळे शिजवून गाळलेला रस साखर आणि पेक्टिन यांच्या साहाय्याने घट्ट केला की त्याला जेली म्हणतात. पेक्टिन हा फळांच्या पेशीभित्तिकांत असणारा, आम्ल आणि साखर यांच्या संयोगाने रस बांधून ठेवणारा घटक होय. चँडलर यांनी करंट किंवा क्रॅब अ‍ॅपल या आंबट फळांची जेली सुचवली होती, आणि त्यांची ही निवड नंतरच्या अतिगोड जेलींपेक्षा अधिक जाणती होती असे म्हटले पाहिजे. दाण्यांतील प्रथिने तोंडातील लाळ शोषून घेतात, म्हणून वाटण टाळूला चिकटते. अशा वेळी जेलीचा ओलावा घास मोकळा करतो, तिचे आम्ल तेलकटपणा कमी जाणवू देते आणि वाटणातील मीठ कडसरपणा दाबून गोडी वर आणते. या जोडीचे मर्म म्हणूनच गोडीपेक्षा आंबटपणात अधिक आहे. मराठी माणसाला दाणे आणि गूळ यांचे सख्य चिक्कीमुळे चांगले ठाऊक असले, तरी चिक्कीत आंबटपणाला जागा नसते आणि तिची गंमत कुरकुरीतपणात असते.

चहागृहातील हा पदार्थ मुलांच्या हातात आला तो यंत्रांमुळे. नुसते दाणे वाटून ठेवले की काही दिवसांत तेल वर तरंगते, खाली घट्ट साका बसतो आणि हवेच्या संपर्काने तेलाला खवट वास येऊ लागतो. जोसेफ रोझफील्ड यांनी १९२० च्या दशकात यावर उपाय काढला: तेलाच्या काही भागाचे हायड्रोजनीकरण करावे, म्हणजे त्यात हायड्रोजन मिसळून ते नेहमीच्या तापमानाला घट्ट राहील असे करावे, जेणेकरून त्याच्या स्फटिकांच्या जाळीत उरलेले तेल अडकून राहते. याच काळात, १९२८ साली, मिसूरी राज्यातील चिलिकोथी येथे ओटो रोहवेडर यांच्या यंत्रावर कापलेला पाव विक्रीस आला आणि सुरीला हात न लावता लहान मूल स्वतःचे सँडविच स्वतः करू शकेल अशी सोय झाली. पाठोपाठ महामंदी आली, आणि मांस परवडेनासे झालेल्या घरांत स्वस्त, पोटभरीचे आणि प्रथिनयुक्त असे हे खाणे केवळ हौसेचे राहिले नाही.

इतका जिव्हाळ्याचा पदार्थ कायद्याच्या कक्षेत आल्यावाचून राहिला नाही. पीनट बटरमध्ये किमान किती टक्के शेंगदाणे असावेत यावर अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यात १९५९ पासून वाद चालला. सरकार ९० टक्क्यांचा आग्रह धरीत होते आणि उद्योगाला ८७ टक्के हवे होते. रूथ डेसमंड या गृहिणींच्या संघटनेच्या प्रमुख ग्राहकांच्या बाजूने सुनावण्यांना चिकाटीने हजर राहिल्या, आणि अखेर १९७१ मध्ये ९० टक्क्यांचा नियम लागू झाला. तीन टक्क्यांसाठी बारा वर्षे झगडणे क्षुल्लक नव्हते, कारण दाण्यांची जागा स्वस्त तेल आणि साखर किती घेणार, हाच तो प्रश्न होता.

इतर देशांत कायद्याने चवीला नव्हे, तर नावाला हात घातला. नेदरलँड्समध्ये लोण्याचा वाचक शब्द दुग्धजन्य पदार्थासाठी राखीव असल्यामुळे तेथे पीनट बटरला ‘पिंडाकास’, म्हणजे शेंगदाण्याचे चीज, म्हणतात; ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांतही दुग्धव्यवसायाच्या दबावामुळे ते दीर्घकाळ ‘पीनट पेस्ट’ या नावाने विकले जाई. त्याच नेदरलँड्समध्ये लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरवून मोठी माणसेही न्याहारी करतात, तर हैतीत दाण्यांच्या वाटणात झणझणीत मिरची घातली जाते. इटलीच्या पिएमाँते भागात दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोचा तुटवडा होता आणि हेझलनट विपुल होते, म्हणून आल्बा येथील पिएत्रो फेरेरो यांनी थोड्या कोकोत बरेच हेझलनट मिसळून एक घट्ट वडी केली. तिचेच रूप बदलत १९६४ मध्ये नुटेला बाजारात आले. इटालियन मुलांच्या आजच्या आवडीच्या मुळाशी अशी टंचाई आहे.

गोडाची ओढ मात्र उपजत असते. मुलांना प्रौढांपेक्षा अधिक तीव्र गोडी आवडते आणि ती पसंती पौगंडावस्थेत उतरू लागते, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधनातून दिसले आहे. गोडीसोबत कोणता स्वाद प्रिय व्हावा, हे सवयीवर अवलंबून असते. याच संस्थेच्या ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात ज्या मातांनी गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बाळांनी गाजराच्या स्वादाची पेज कमी कुरकुर करीत खाल्ली. पश्चिम आफ्रिकेत ज्याने लहानपणापासून दाणे मांसाच्या रश्श्यात खाल्ले, किंवा महाराष्ट्रात ज्याने ते उपासाच्या आमटीत आणि कोशिंबिरीत खाल्ले, त्याला दाण्यांवर द्राक्षाची जेली पाहून अडखळल्यासारखे झाले, तर तो दोष ना त्याचा, ना जेलीचा.

अमेरिकेतील ही सवयसुद्धा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने काही मुलांच्या जिवावर बेतते, म्हणून तेथील अनेक शाळांनी डब्यातून पीनट बटर आणण्यास मनाई केली, आणि त्या जागी सूर्यफुलाच्या बियांचे वाटण आले. पालकांना बाळापासून शेंगदाणे दूर ठेवण्याचा सल्ला दीर्घकाळ दिला जाई. परंतु लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अ‍ॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित शेंगदाणे देण्यात आले, त्यांच्यात अ‍ॅलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतर २०१७ मध्ये अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना बदलल्या, आणि आता तेथील डॉक्टर, गरज असेल तेथे तपासणी करून, चार ते सहा महिन्यांच्या बाळाला पाण्यात किंवा फळाच्या गरात पातळ केलेले पीनट बटर चमच्याने चाटवण्यास सांगतात. पावाचा पहिला तुकडा त्याच्या हातात येण्यास तेव्हा अजून बराच अवकाश असतो.