काशीचा करारनामा आणि त्याची राखण

ईस्ट इंडिया कंपनीचा काशीतील रेसिडेंट जोनाथन डंकन याचे नाव विद्वानांच्या तोंडी येते ते त्याने १७९१ साली स्थापन केलेल्या आणि आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या रूपाने नांदत असलेल्या संस्कृत पाठशाळेमुळे. परंतु त्याआधी, १७८९ च्या अखेरीस, जौनपूरच्या सरहद्दीवर अयोध्येच्या मुलुखास लागून राहणाऱ्या राजकुमार नावाच्या राजपूत कुळांकडून त्याने जो करारनामा लिहवून घेतला, तो मला पाठशाळेहूनही मोलाचा वाटतो. या कुळांत जन्मलेली मुलगी जगू दिली जात नसे. आईने तिला दूध पाजू नये, एवढीच व्यवस्था पुरेशी होई. कारण विचारता त्यांनी ते लपवले नाही: मुलगी वाढली तर तोलामोलाचे स्थळ पाहावे लागते, आणि त्या लग्नाचा खर्च घराण्यास पेलत नाही.

हे लोक सरहद्दीवरचे, हत्यारबंद आणि स्वकुलाभिमानी असल्यामुळे निव्वळ हुकमाने ते नमणार नाहीत, हे डंकनने ओळखले, आणि म्हणून त्याने दरोग्याबरोबर धर्मशास्त्रालाही साक्षीस बोलावले. करारनाम्यात ब्रह्मवैवर्त पुराणाचा दाखला घातला गेला. गर्भाची हत्यासुद्धा ब्रह्महत्येसमान पातक असून ते करणाऱ्यास नरकवास अटळ आहे, असे त्यांच्याच मुखाने वदवून, जो कोणी यापुढे असे कृत्य करील त्यास ज्ञातीतून बहिष्कृत करण्यात येईल, अशी हमी घेतली गेली. पुढे १७९५ च्या एकविसाव्या रेग्युलेशनने काशी प्रांतात अशी हत्या हा खून होय असे जाहीर केले, आणि १८०४ च्या तिसऱ्या रेग्युलेशनने तोच नियम नव्याने कंपनीकडे आलेल्या मुलुखांस लागू झाला. सतीबंदीचा कायदा १८२९ चा, म्हणजे काशीतील हा निर्बंध त्याहून चौतीस वर्षांनी जुना, हे आपल्याकडच्या सुधारणेच्या इतिहासांत क्वचितच सांगितले जाते.

१७९५ च्या अखेरीस डंकन मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याच्याच प्रेरणेने अलेक्झांडर वॉकरने १८०८ साली काठेवाडातील जाडेजा ठाकुरांकडून तशाच प्रकारचे कतबे, म्हणजे लेखी करार, घेतले. १८११ मध्ये डंकन मुंबईतच वारला, आणि फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधील त्याच्या स्मारकावर काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद झाल्याचा मजकूर कोरला गेला.

मजकूर कोरणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता यात मला संशय नाही. परंतु ज्या काळात संगमरवरावर ही अक्षरे झळकत होती, त्याच काळात काशीच्या आसपासच्या गावांत त्या कायद्याची अंमलबजावणी कोणाकडे सोपवली होती, याचा शोध घेऊ गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. खून म्हटला की फिर्यादी लागतो, साक्षीदार लागतो, प्रेत लागते; येथे गुन्हा बाळंतिणीच्या खोलीत, सुईणीच्या देखत, घरच्यांच्या संमतीने घडे, आणि जन्म झाला होता याचीच सरकार-दप्तरी नोंद नसे. कायदा होता, त्यास पाहणारा डोळा नव्हता.

१८३० च्या दशकात आझमगढात जमाबंदीचे काम करीत असता जेम्स थॉमसन या अधिकाऱ्याने जमीनदारांशी बोलता बोलता त्यांच्यापैकी एकास दुसऱ्याचा जावई म्हटले. मंडळी उपहासाने हसली. जवळ उभ्या असलेल्या कोणी खुलासा केला, की हा जावई असणे शक्य नाही, कारण गावात मुलीच नाहीत. रेग्युलेशन निघून चार दशके होत आली होती, आणि तरीही सरकारला ही वार्ता कळली ती केवळ एका अधिकाऱ्याची नात्यातली चूक झाली म्हणून! मला या प्रसंगातले ते हसणे विसरता येत नाही. आपल्या घरी काय घडते हे हाकिमाला ठाऊक नाही, याची त्या मंडळींना असलेली पूर्ण खात्री त्यात होती. पुढे १८५० च्या दशकात काशी विभागात खास चौकशी झाली तेव्हाही कित्येक गावांत लहान मुलगी म्हणून एकही आढळली नाही.

१८७० च्या आठव्या कायद्याने अखेर ही उणीव ओळखली. वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब येथे संशयित कुळांची शिरगणती, जन्ममृत्यूंची नोंदवही, जादा पोलीस ठेवल्यास त्याचा खर्च त्या गावांवर, आणि लग्नखर्चावर मर्यादा, असा बंदोबस्त ठरला. या कायद्यास दोष देण्यासारखे पुष्कळ होते: शिपायाने बाळंतघराच्या दाराशी चौकशीस जावे यात गरिबांची अवहेलना होती, आणि लाचेला वाट होती. तरीही माझे मत असे, की पंचाहत्तर वर्षांत प्रथमच येथे मनाईला हिशेबाची जोड मिळाली, आणि त्या जोडीवाचून मनाई म्हणजे कोरा कागद होय.

आपल्याच काळात या गोष्टीचा पडताळा महाराष्ट्राने दिला. गर्भलिंगचिकित्सेवर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा या राज्याने १९८८ साली, मुंबईतील कार्यकर्त्यांच्या चळवळीनंतर केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होती ती २०११ मध्ये ८९४ वर आली, आणि काशी ज्या राज्यात आहे त्या उत्तर प्रदेशात ९१६ वरून ९०२ वर. पूर्वी दूध तोडले जाई. आता सोनोग्राफीच्या खोलीत निकाल लागू लागला. या कायद्याचा प्राण म्हणजे प्रत्येक तपासणीमागे भरावयाचा ‘एफ’ फॉर्म, आणि म्हणूनच हल्ला झाला तो फॉर्मवर. त्यातील त्रुटी निव्वळ कारकुनी मानून शिक्षा सौम्य करावी, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळली. नोंद अपुरी असणे हीच गुन्ह्याची वाट आहे, हे न्यायालयाने ओळखले. असे असूनही ४ एप्रिल २०२० रोजी महामारीचे कारण देऊन केंद्राने मासिक अहवालादी काही नियम ३० जूनपर्यंत स्थगित केले. कोणी कायदा रद्द केला नव्हता. फक्त वही वेळच्या वेळी सादर करण्याची सक्ती थांबवली होती. काशीचा मागोवा घेतलेल्या मनुष्यास यातील धोका समजावून सांगावा लागत नाही.

उघडपणे कायदाच मोडीत काढण्याचा यत्न गांबिया देशात झाला. मुलींच्या जननेंद्रियांचा छेद करण्यास तेथे २०१५ मध्ये बंदी झाली. आठ वर्षे कोणास शिक्षा झाली नाही, आणि २०२३ मध्ये तीन स्त्रिया प्रथमच दोषी ठरताच बंदी उठवण्याचे विधेयक पुढे आले. मार्च २०२४ मध्ये ते बेचाळीस विरुद्ध चार मतांनी समितीकडे गेले, आणि १५ जुलैस, त्या देशातील स्त्रियांनी घरोघर व सभासभांतून झगडल्यावर, फेटाळले गेले. बंदी निजून होती तोवर तिला कोणी शत्रू मानले नाही. ती जागी होताच तिच्यावर धाव आली. जगात या प्रथेतून गेलेल्या मुली व स्त्रिया तेवीस कोटींहून अधिक आहेत असे युनिसेफने त्याच वर्षी सांगितले.

आपल्या देशात तर या प्रथेवर राखावयास बंदीच नाही. दाऊदी बोहरा समाजात सुमारे सात वर्षांच्या मुलीचा खतना, म्हणजे असाच छेद, केला जातो, बहुधा घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीने तिला हाताला धरून नेऊन, कोणास सांगू नकोस अशी ताकीद देऊन. मासूमा रानालवी आणि त्यांच्यासारख्या स्त्रियांनी स्वतःच्या समाजात राहून हे उघड बोलण्याचे धैर्य दाखवले. २०१७ साली याविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयास कळवले, की अशी प्रथा भारतात असल्याची अधिकृत माहिती वा अभ्यास उपलब्ध नाही. पुढे महान्यायवादींनी प्रचलित कायद्यानेही हा गुन्हाच ठरतो असे सांगितले हे खरे, परंतु २०१८ च्या सप्टेंबरात प्रकरण पाच न्यायमूर्तींकडे, आणि २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातील स्त्रीप्रवेशाच्या खटल्याच्या निमित्ताने धर्मस्वातंत्र्याच्या मोठ्या प्रश्नांच्या पंगतीस गेले. मंत्रालयाचे ते उत्तर वाचताना आझमगढच्या जमीनदारांचे हसू माझ्या कानी आले. अधिकृत माहिती नाही, कारण ती गोळा करण्याचे काम कोणावर सोपवलेलेच नाही. आणि जोवर ते डॉक्टर, शाळा व बालकल्याण समिती यांच्यावर नावानिशी सोपवले जात नाही, तोवर उद्या कायदा झाला तरी तो १७९५ च्या रेग्युलेशनाच्याच वाटेने जाईल, हे आताच लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.