विश्लेषण : खाडीच्या चिखलातले जीवाणू नायट्रोजनचे करतात काय?

कांदळवन सांडपाण्यातला नायट्रोजन ‘साफ’ करते, असा सर्वसाधारण समज आहे. गोव्यातील तुये आणि दिवाडी येथील चिखलाच्या अभ्यासातून मात्र वेगळे चित्र समोर आले. ते काय आहे आणि का महत्त्वाचे आहे?

नायट्रोजन खाडीत येतो कुठून?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. पण बहुतेक सजीवांना तो थेट वापरता येत नाही. त्यांना तो अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात लागतो. शेतातला युरिया आणि घराघरांतले सांडपाणी यांतून हाच नायट्रोजन नदीत आणि पुढे खाडीत उतरतो. प्रमाणात असेल तर त्यावर खाडीतले शैवाल, कोळंबी, मासे पोसले जातात. अति झाला की शैवाल माजते, मरून कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मग मासे गुदमरतात.

चिखलात नेमके काय घडते?

ओहोटीच्या वेळी खाडीकाठचा चिखल जरा उकरला, की खाली काळा गाळ दिसतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. कारण प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. या वरच्या थरात काही जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. ते नायट्रेट खाली झिरपते. तिथे प्राणवायू नसल्याने जीवाणू श्वसनासाठी नायट्रेटच वापरतात. पुढे तीन वाटा असतात.

• विनायट्रीकरण : नायट्रेटचे टप्प्याटप्प्याने नायट्रोजन वायूत रूपांतर होते आणि तो हवेत जातो.

• अ‍ॅनामॉक्स : अमोनियम आणि नायट्राइट यांच्यापासून थेट नायट्रोजन वायू तयार होतो. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सांडपाणी प्रक्रियेच्या प्रयोगांत या क्रियेचा शोध लागला.

• डीएनआरए : नायट्रेटचे पुन्हा अमोनियम होते. म्हणजे नायट्रोजन खाडीतच राहतो.

गोव्यात काय आढळले?

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (एनआयओ) संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह दोन ठिकाणच्या कांदळवनांतला गाळ तपासला. शापोरा नदीकाठचे तुये तुलनेने स्वच्छ, तर मांडवीतील दिवाडीवर मानवी हस्तक्षेपाचा परिणाम अधिक. २०१२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाळातून नाहीसे होणारे नायट्रेट ९९ टक्क्यांपर्यंत तिसऱ्या वाटेने, म्हणजे डीएनआरएने जात होते. तुये येथे हे प्रमाण दिवाडीच्या दुप्पट होते. थोडक्यात, कांदळवन नायट्रोजन बाहेर टाकण्यापेक्षा जपून ठेवत होते. जिथे बाहेरून पोषण कमी मिळते, तिथे ही काटकसरच झाडे आणि जलचर जगवते.

वाट कशी ठरते?

जीवाणूंसाठी हा हिशेब सोपा आहे. गाळात पालापाचोळ्यासारखे सेंद्रिय खाद्य भरपूर आणि नायट्रेट कमी असेल, तर डीएनआरए परवडते. कारण नायट्रेटच्या एका रेणूमागे या क्रियेत आठ इलेक्ट्रॉन सामावले जातात, विनायट्रीकरणात पाचच. नायट्रेट मुबलक असेल तर विनायट्रीकरणाचे पारडे जड होते. खेकड्यांचाही यात हात आहे. त्यांच्या बिळांतून प्राणवायू खोलवर जातो आणि नायट्रेट तयार होण्याची जागा वाढते.

सांडपाणी वाढले तर?

प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यासोबत सेंद्रिय कचराही येतो. तो कुजताना वरच्या थरातला प्राणवायू संपतो, सल्फाइड वाढते. मग अमोनियमचे नायट्रेट होण्याची पहिली पायरीच अडते. नायट्रेट तयार होत नसेल, तर विनायट्रीकरण होणार कशाचे? अमोनियम पाण्यात परत येते आणि शैवालाला आणखी खाद्य मिळते. म्हणजे ज्या वेळी सफाईची सर्वाधिक गरज असते, नेमकी त्याच वेळी ही यंत्रणा ढेपाळते.

दुसरा धोका नायट्रस ऑक्साइडचा. विनायट्रीकरण अर्धवट राहिले तर हा वायू सुटतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो आणि ओझोनच्या थरालाही घातक आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात प्राणवायू घटल्याने या वायूची निर्मिती वाढल्याचे एनआयओच्याच संशोधकांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले होते.

मग कांदळवनाचा उपयोग नाही?

आहे, आणि मोठा आहे. पण खाडीचा चिखल म्हणजे फुकटात मिळालेले सांडपाणी प्रक्रिया केंद्र नव्हे. ‘पुढे कांदळवन आहे, ते बघून घेईल’ असे म्हणत नाला खाडीत सोडणे या जीवाणूंच्या हिशेबात बसत नाही. पाणी खाडीत जाण्याआधीच त्यावर प्रक्रिया हवी आणि भराव टाकून चिखल गाडला जाऊ नये. एवढे केले, तर उरलेला नायट्रोजन बाहेर टाकायचा की जपायचा, हे काम चिखल स्वतःच करू शकतो.