डिझेलातली साय

दसरा उलटला की पाटोदा तालुक्यातले ट्रॅक्टर जागे होतात. ट्रॉलीत भांडी, कोयते, शेरडं, लेकरं. आणि मुकादमाची ऊसतोड टोळी साखर कारखान्याकडे निघते. मागच्या वर्षी आमच्या भावकीतला असाच एक ट्रॅक्टर गाव सोडून दहा किलोमीटर गेला नाही तोच चढावर बंद पडला. मिस्त्रीनं फिल्टर खोलला. "चोकप झालाय, शेवाळ धरलंय," म्हणाला. नवा फिल्टर घातला, एअर काढली. तासाभरात पुन्हा तेच. मग त्यानं टाकीच्या बुडाचा नट सैल केला आणि आलेलं डिझेल काचेच्या बरणीत धरलं.

वर सोनेरी डिझेल, तळाशी बोटभर गढूळ पाणी, आणि दोहोंच्या मधे तपकिरी-काळी साय. बरणी हलवली तरी ती फाटेना. ओल्या चामड्यासारखी लोंबत राहिली.

हे शेवाळ नव्हे. शेवाळाला ऊन लागतं, ते बंद टाकीत कुठून येणार? ही बुरशी आणि जीवाणूंची वस्ती. त्यातली सगळ्यात नावाजलेली बुरशी म्हणजे होर्मोकोनिस रेझिनी. 1950-60 च्या दशकांत तिनं जेट विमानांच्या टाक्यांत असा धुमाकूळ घातला की 'केरोसीनची बुरशी' हेच तिचं नाव पडलं. सोबत स्युडोमोनास जातीचे जीवाणू असतात. डिझेलातला कार्बन हे त्यांचं अन्न. पण जगायला त्यांना पाणी हवंच. डिझेल लिटरमागे साधारण 830 ग्रॅम भरतं, म्हणून पाणी खाली बसतं आणि दोहोंच्या सीमेवर हे जीव नांदतात. पाय पाण्यात, तोंड डिझेलात.

टाकीत पाणी येतं कुठून? पुष्कळदा कुणी भेसळ केलेली नसते. अर्धी टाकी दिवसा तापते, हवा बाहेर सोडते. रात्री गार होते, हवा आत ओढते. पावसाळ्यातली ती दमट हवा रिकाम्या पत्र्यावर दवासारखी जमते आणि ओघळून तळाशी जाते. आमच्याकडे कारखाना बंद झाल्यापासून दसऱ्यापर्यंत अनेक ट्रॅक्टर असेच अर्ध्या टाकीनं उभे असतात.

या दुखण्याची खरी ओळख मात्र दर्यावर्दी लोकांना. समुद्र पाटोद्याहून अडीचशे किलोमीटरांहून जास्त दूर, तरी तिथलं चित्र आमच्यासारखंच आहे. कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवतात आणि ऐन पावसात टाक्या निजून राहतात. त्यात खारं पाणी शिरलं तर दुखणं वाढतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जवळपास पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं. त्यावर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. टाकीला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि पोलादाला आतून खड्डे पडतात. काही युद्धनौकांत तर जहाजाचा तोल राखायला जळालेल्या इंधनाची जागा समुद्राच्या पाण्यानंच भरून काढतात. मोठ्या जहाजांवर गरगर फिरून पाणी वेगळं करणारे प्युरिफायर असतात. आमच्या ट्रॅक्टरला फिल्टरखालची छोटी वाटी.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं, गंधक 50 वरून 10 पीपीएमवर उतरलं. गंधक घटल्यानं जंतू माजले असं पुष्कळ जण म्हणतात. मला बायोडिझेलचं कारण जास्त ठोस वाटतं. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत 5 टक्के मिश्रणाचं लक्ष्य आहे. ते चांगलंच आहे. पण बायोडिझेल पाणी धरून ठेवतं आणि जंतूंना पचायलाही सोपं जातं. तेव्हा मिश्रण वाढेल तशी साठवणीची शिस्तही वाढायला हवी.

तपासणीत सगळा खेळ नमुना कुठून घेतला याचा. वरचं डिझेल नितळच दिसणार; नमुना बुडातलाच हवा. पंपावर डिपकाठीला पेस्ट लावून टाकीत सोडतात. पाणी लागलं तिथं पेस्टचा रंग पालटतो. जंतू मोजायचे तर पोषक थर लावलेली पट्टी बुडवून काही दिवस उबेत ठेवतात आणि उगवलेले ठिपके मोजतात. कोविडच्या पट्टीसारख्या झटपट पट्ट्याही निघाल्या आहेत. मला सर्वांत भावते ती काजव्याची तपासणी. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचं ऊर्जेचं रसायन असतं. काजवा ज्या विकराच्या जोरावर ते वापरून चमकतो, तोच विकर नमुन्यात घालतात. जितका उजेड, तितकं जिवंत काही आत आहे.

उपायांत औषधाला मी शेवटचा क्रमांक देतो. पाणी काढलं नाही तर जंतुनाशक तात्पुरतंच. शिवाय मेलेली साय तुटून फिल्टरमध्येच येते. आणि प्रमाण चुकलं तर? 26 फेब्रुवारी 2020 ला लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या टायटन एअरवेजच्या एअरबसची दोन्ही इंजिनं अडखळली. देखभालीत इंधनात टाकलेलं जंतुनाशक शिफारशीच्या सुमारे 38 पट होतं. विमान सुखरूप उतरलं, पण अंदाजानं बाटली ओतणाऱ्या प्रत्येकानं ही घटना लक्षात ठेवावी.

त्या संध्याकाळी आम्ही टाकी उतरवून धुतली. मिस्त्री तो काळा राडा शेजारच्या ओढ्यात सोडणार होता, त्याला थांबवलं. ओढ्यातलं शेवटी नदीतच जातं, आणि मांजरा नदी याच तालुक्यात, गवळवाडीच्या डोंगरात उगम पावते. राडा कॅनमध्ये भरला. टोळीनं रस्त्याकडेला चूल मांडली. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या माणसाचा एक दिवस असा गेला.

यंदा ट्रॅक्टर परत आला तेव्हा ट्रॅक्टरवाल्या भावानं टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली. अमावास्येला गाडीची पूजा असतेच. त्याच दिवशी तो बुडाचा नट सैल करून बरणीभर डिझेल काढतो आणि तासभर ओट्यावर ठेवतो. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत दर वेळी चमचा-दोन चमचे पाणी निघालं. साय एकदाही धरली नाही.