सर्वो मोटरचा भरवसा कशात असतो?

रोबोचा हात बनवायला निघालेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: कोणती सर्वो मोटर घेऊ? बाजार त्याला नावाने आणि किमतीने उत्तर देतो. प्रत्यक्षात मोटर टिकणार की जळणार, हे मुख्यतः तिची क्षमता आणि तिच्यावर पडणारा भार यांत आपण किती अंतर राखले त्यावर ठरते. हे अंतर कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते हिशेब करून राखावे लागते, आणि तो हिशेब शाळेच्या गणितापलीकडचा मुळीच नाही. कळवणसारख्या तालुक्याच्या गावी तर त्याचे मोल अधिक. नाशिक शहर इथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. एक मोटर जळाली की दुसरी कुरिअरने येईपर्यंत प्रकल्प अडून बसतो आणि विज्ञान प्रदर्शनाची तारीख काही पुढे सरकत नाही. हा प्रश्न आता मोजक्या हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. त्यासाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या ५ वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे सर्वो मोटर आदिवासी पट्ट्यातल्या शाळांच्या टेबलांपर्यंत पोचणार आहे. ती तिथे वर्षभर चालावी, की महिन्याभरात खोक्यात पडावी, याचा विचार खरेदीच्या आधी व्हायला हवा.

सर्वोची छोटी डबी उघडली तर आत चार गोष्टी दिसतात: एक साधी डीसी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची माळ, शाफ्टला जोडलेला पोटेन्शिओमीटर आणि या सगळ्यांवर देखरेख करणारे छोटे सर्किट. आर्डुइनोकडून, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाकडून, दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स येते. पल्स दीड मिलिसेकंदाची असेल तर शाफ्टने मध्यावर यायचे, १ मिलिसेकंदाची असेल तर एका बाजूला, २ मिलिसेकंदांची असेल तर दुसऱ्या बाजूला. शाफ्ट आत्ता कुठे आहे हे पोटेन्शिओमीटर सांगतो, सर्किट ‘हवे तिथे’ आणि ‘आहे तिथे’ यांतला फरक काढते आणि तो फरक मिटेपर्यंत मोटर फिरवत राहते. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेला गव्हर्नर याच कुळातला. त्या तत्त्वाचे गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. फरक मिटेपर्यंत झटत राहणे हाच सर्वोचा मोठा गुण, आणि तिचा घातही यातूनच होतो. भार पेलत नसेल तरी साधी सर्वो माघार घेत नाही. फरक शिल्लक आहे तोवर ती वीज ओढत राहते, शाफ्ट हलत नसला तरीही.

शाफ्ट अडून उभा राहतो त्या क्षणाचा जोर म्हणजे स्टॉल टॉर्क. जाहिरातीत ठळकपणे छापलेला आकडा बहुतेक वेळा हाच असतो. निळ्या प्लास्टिकच्या, ९ ग्रॅमच्या एसजी-९० या मोटरसाठी तो ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंटिमीटर सांगतात. ५५ ग्रॅमच्या एमजी-९९६आर साठी ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११. पण हा आकडा कामाचा नव्हे, कोसळण्याच्या सीमेचा आहे. त्या क्षणी मोटर सर्वाधिक करंट ओढते, शाफ्ट मात्र फिरत नसतो, म्हणून आत शिरलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते. डीसी मोटरमध्ये टॉर्क करंटच्या प्रमाणात वाढतो, तर तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे भार स्टॉलच्या एकतृतीयांशावर ठेवला तर करंटही जवळपास एकतृतीयांश होतो आणि उष्णता नवव्या हिश्श्यावर येते. अनुभवी माणसे ‘छापील आकड्याच्या तिसऱ्या भागातच काम करा’ असे सांगतात, त्यामागे हे गणित आहे. शाफ्टला आधार देणाऱ्या बॉल बेअरिंगलाही असाच फायदा मिळतो, कारण त्याचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: भार निम्मा, तर आयुष्य आठपट.

आता कळवणच्या ओळखीच्या वस्तूवर हा हिशेब लावून पाहू. १०० ग्रॅमचा कांदा उचलून बाजूला ठेवणारा हात करायचा आहे. खांद्यापासून पंजापर्यंत लांबी २० सेंटिमीटर. हात आडवा असताना खांद्यावर सर्वाधिक भार येतो. कांद्याचा टॉर्क ०.१ किलो गुणिले २० सेंटिमीटर, म्हणजे २ किलो-सेंटिमीटर. हाताची पट्टी ८० ग्रॅमची आणि तिचा गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी ०.८. पंजा आणि त्यातली छोटी मोटर मिळून ४० ग्रॅम, १८ सेंटिमीटरवर, म्हणजे ०.७. बेरीज साडेतीन. एसजी-९० इथे बाद झाली. एमजी-९९६आर चालेल, पण ४.८ व्होल्टला तिची क्षमता भाराच्या पावणेतीन पटीहून कमी भरते, आणि झटक्याने हालचाल केली की खरा भार या साडेतीनच्याही वर जातो. इथे बहुतेक जण आणखी मोठी मोटर शोधायला लागतात. त्याआधी हात १५ सेंटिमीटरचा करून पाहावा. कांद्याचा टॉर्क दीडवर येतो, ६० ग्रॅमच्या आखूड पट्टीचा ०.४५ आणि पंजाचा ०.५, बेरीज जेमतेम अडीच. तीच मोटर आता पावणेचार पट ताकदीची ठरते, आणि एक रुपयाही जास्त लागलेला नाही.

भार कमी करण्याची दुसरी युक्ती कळवण तालुक्यात हजारो भाविक रोज वापरतात. सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. फ्युनिक्युलर पद्धतीत दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना असतात. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि डब्यांची वजने परस्परांना तोलतात. मोटरला मुख्यतः प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण यांच्याशीच झगडावे लागते. रोबोच्या हाताला खांद्यापलीकडे थोडे वजन लावले किंवा वर ओढणारे रबर वा स्प्रिंग बसवली, तर हेच साधते. वजनापेक्षा स्प्रिंग बरी, कारण तिच्यामुळे हाताचे जडत्व फारसे वाढत नाही. आडवा हात तासन्‌तास धरून ठेवणाऱ्या सर्वोसाठी हा उपाय तर संजीवनीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा: नामांकित कंपनीची महाग सर्वो घेतली तर इतका हिशेब कशाला? महाग मोटरचे फायदे खरे आहेत. तिचे छापील आकडे प्रत्यक्षाच्या जवळ असतात, एकाच खोक्यातल्या दोन मोटरी सारख्या वागतात, आणि कोरियन कंपनी रोबोटिसच्या डायनामिक्सेलसारख्या मोटरी तर स्वतःचे तापमान आणि भारही कळवतात. पण उष्णतेचा नियम किंमत पाहून बदलत नाही. क्षमतेच्या काठावर चालवलेली महाग मोटरही तापणारच, आणि ती गेली की नुकसान कितीतरी पटीने मोठे. दुसरा आक्षेप गिअरचा: धातूचेच घ्या, प्लास्टिकचे तुटतात. चालणाऱ्या रोबोच्या पायाला धक्के बसतात, तिथे धातूच हवा. हलक्या पंजात मात्र प्लास्टिकचा गिअर विजेच्या फ्यूजसारखा कामाला येतो: आधी तो तुटतो आणि पुढचे भाग वाचतात. गिअर बदलणे मोटर बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक वाटतो आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे: शे-दोनशे रुपयांची वस्तू, जळली तर जळली, मुले त्यातूनच शिकतील. मुले नक्की काय शिकतात ते पाहायला हवे. प्रोग्रॅम बरोबर आहे, कोन बरोबर आहे, तरी हात थरथरतो किंवा हळूहळू खाली येतो. अशा वेळी आठवीतली मुलगी मोटरवर संशय घेत नाही, स्वतःच्या विचारावर घेते. ती बरोबर असलेला कोड बदलत बसते आणि शेवटी ‘मला हे जमत नाही’ अशा निष्कर्षाला येते. शास्त्रीय विचाराची सुरुवात कारण आणि परिणाम यांच्यावरच्या विश्वासाने होते. मनमानी वागणारे उपकरण तो विश्वास सुरुवातीलाच मोडते. ज्या शाळेत चूक दाखवून देणारा जाणकार शेजारी नाही, तिथे हे नुकसान भरून काढणे फार अवघड आहे.

दोष मोटरचा मानला जातो, पण खोट पुरवठ्यात असते, असेही वारंवार घडते. आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर दोन-तीन सर्वो जोडल्या की त्या सुरू होताना व्होल्टेज खाली येते, बोर्ड रीसेट होतो, सर्वो पुन्हा झटका घेते आणि हे चक्र चालू राहते. यूएसबीतून मिळणारा करंट साधारण अर्धा अँपिअर; एमजी-९९६आर स्टॉलला ६ व्होल्टवर अडीच अँपिअरच्या घरात ओढते. म्हणून सर्वोंना वेगळा, पुरेशा अँपिअरचा पुरवठा द्यावा, त्याची ग्राउंड तार बोर्डाच्या ग्राउंडला जोडावी आणि सर्वोंच्या जवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. खेड्यात घरचे व्होल्टेज वरखाली होते ही काळजी त्या मानाने लहान आहे, कारण चांगले अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतात.

राहिला प्रश्न बनावट मालाचा. लोकप्रिय मोटरींच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत आणि छापील आकडा त्यांच्यावरही तोच असतो. म्हणून शाळेने वीस सर्वो एकदम न मागवता आधी तीन मागवाव्यात आणि तपासाव्यात. सर्वो टेबलाच्या कडेला घट्ट बांधावी, शाफ्टवर बसणाऱ्या हॉर्नला लाकडी पट्टी लावावी, पट्टीवर शाफ्टपासून ५ सेंटिमीटरवर दोन लिटरची बाटली टांगावी आणि तिच्यात थोडे थोडे पाणी वाढवत प्रत्येक वेळी पट्टी आडवी उचलायला सांगावे. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे खरा टॉर्क तिथल्या तिथे निघतो. ९.४ चा दावा खरा असेल तर मोटरने बाटलीसकट जवळपास १.९ किलोपर्यंत तग धरायला हवा. ती अडली की लगेच वीज तोडावी. यानंतर कागदी कोनमापक लावून, हलक्या भाराने, एकाच कोनावर शंभरदा ये-जा करायला लावावी. पट्टी दर वेळी त्याच रेघेवर येते की सरकते, डबी किती तापते, हे पाहावे. सदोष भाग बऱ्याचदा पहिल्या काही तासांतच निकामी होतात, त्यामुळे हात जोडण्याआधी प्रत्येक मोटर तासभर अशी चालवलेली बरी. नंतर तिच्यावर क्रमांक टाकावा आणि मोजलेला टॉर्क, व्होल्टेज व तारीख लॅबच्या वहीत लिहावी. पुढच्या वर्षीची खरेदी त्या वहीतल्या आकड्यांवरून करावी, आणि मागणीपत्रात मोटरच्या नावाबरोबर ‘४.८ व्होल्टला मोजून इतका टॉर्क मिळाला पाहिजे, नाहीतर माल परत’ अशी अटही लिहावी.