मंडळाचं संकेतस्थळ फोनवर नीट दिसावं म्हणून



गेल्या गणेशोत्सवाला आरतीची वेळ झाली तरी पाच-सहा कुटुंबांचा पत्ताच नव्हता. आपली नेहमीची शाळा मिळाली नाही म्हणून कार्यक्रम दुसर्‍या शाळेत ठेवला होता. नवा पत्ता संकेतस्थळावर होता, पण पोस्टरच्या चित्रात. गाडीत बसून फोनवर ते चित्र उघडलं की बाप्पा छान दिसायचे, पत्ता मात्र मुंगीएवढा. मोठा करून पाहावा तर अक्षरं फुटायची. बिचारी मंडळी मोदकांचे डबे घेऊन जुन्या शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये उभी. त्यांत भारतातून आलेले आजी-आजोबाही होते. चूक आमची, म्हणजे संकेतस्थळ समितीची. त्यानंतर आम्ही सगळी पानं नव्याने बांधायला घेतली. इतर मंडळांनाही उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आपलं जुनं संकेतस्थळ बनलं तेव्हा "८०० बाय ६०० वर उत्तम दिसेल" असं पानाच्या तळाशी लिहायची पद्धत होती. कॉम्प्युटर घरात एकाच जागी असायचा, त्यामुळे रुंदी पक्की ठरवली तरी चालून जायचं. २००७ साली आयफोन आला. त्याचा ब्राउझर असं पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालायचा आणि सगळंच्या सगळं आक्रसून दाखवायचा. म्हणून अक्षरं बारीक. पानाच्या कोडमध्ये 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ घातली की फोन स्वतःची खरी रुंदी धरतो. पण नुसत्या या ओळीने भागत नाही, पानालाही अंग चोरून बसता आलं पाहिजे. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी या पद्धतीला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' असं नाव दिलं. मोठ्या हॉलमध्ये पंगतीच्या तीन रांगा मांडतो, ओसरीवर एकच. पदार्थ तेच, वाढपीही तेच. तसंच पडदा अरुंद झाला की तीन रकाने एकाखाली एक येतात.

फोनसाठी वेगळं संकेतस्थळ करावं अशीही सूचना आली होती. आम्ही ती मानली नाही. कार्यक्रमाची वेळ बदलली की एका ठिकाणी दुरुस्त होणार आणि दुसरीकडे जुनीच राहणार. स्वयंसेवकांच्या कामात हे हमखास होतं!

मराठीचे प्रश्न मात्र इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. आपले जुने दिवाळी अंक शिवाजी, शुषा अशा फाँटमध्ये आहेत. तो फाँट कॉम्प्युटरवर उतरवून घेतला तरच मराठी दिसायचं, नाहीतर रोमन अक्षरांचा काला. फोनवर फाँट उतरवून घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणजे ते अंक तिथे वाचताच येत नाहीत. त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर चालू आहे. ते करताना जोडाक्षरं बिघडतात, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्त' हा युनिकोड फाँट फुकट मिळतो, नव्या पानांसाठी तोच घेतला आहे. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, शिरोरेघ तुटते. दोन्ही कडा सरळ करायचा मोहही टाळावा, अरुंद ओळीत शब्दांमध्ये खिंडारं पडतात. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये करावी. मग फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात.

बोटांनी मोठं करायची सोय काही जण बंद करून ठेवतात, कारण मांडणी बिघडते. बिघडू दे. आजींना वाचता येणं जास्त महत्त्वाचं. बटणांच्या बाबतीत अ‍ॅपल किमान ४४ बाय ४४ पॉइंटची जागा सुचवतं. आमची 'येणार' आणि 'येणार नाही' ही बटणं एकमेकांना इतकी चिकटून होती की जेवणाचा आकडा चुकायचा. नावनोंदणीत फोन नंबरचा रकाना त्या प्रकारचा आहे असं सांगितलं की आपोआप आकड्यांचा कीपॅड उघडतो. चौदा रकान्यांचे आम्ही पाच केले. (गोत्र कोणी आणि कशासाठी विचारलं होतं, हे अजून कळलेलं नाही.)

फोटो कॅमेर्‍यातून काढले तसेच चढवू नयेत, आधी लहान करावेत. शाळेच्या तळघरात सिग्नल जेमतेम असतो. तिथे निदान कार्यक्रमपत्रिका तरी उघडायला हवी.

आणि पत्ता? तो आता पानाच्या अगदी वर, साध्या मजकुरात असतो. त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडतो. पोस्टरही आहे, पण खाली. संक्रांतीचं पान तयार झालं आहे. आपल्या घरातला सगळ्यात जुना फोन शोधून त्यावर ते उघडून बघा आणि काही वेडंवाकडं दिसलं तर समितीला जरूर कळवा.

आपली,
संकेतस्थळ समिती