'इंटरेस्ट'चा अर्थ काय?

इंग्रजी शब्दासमोर एक मराठी प्रतिशब्द लिहावयाचा, तो पाठ करावयाचा आणि परीक्षेत उतरवावयाचा, ही आपल्या शाळांतील जुनी रीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आले. ही रीत मात्र पुरती गेली नाही. तिचा अपुरेपणा ध्यानी येण्यास 'इंटरेस्ट' हा नित्याचा शब्द पुरेसा आहे.

इंग्रजीच्या तासाला या शब्दाचा अर्थ 'आवड' असा सांगितला जातो. बँकेच्या पासबुकात तोच शब्द 'व्याज' होतो. वृत्तपत्रातील 'पब्लिक इंटरेस्ट' म्हणजे जनहित, तर 'व्हेस्टेड इंटरेस्ट' म्हणजे हितसंबंध. एकच अर्थ घोकलेले मूल येथे गोंधळले, तर दोष त्याचा नव्हे.

वस्तुतः हे अर्थ परस्परांना परके नाहीत. 'मध्ये असणे', 'महत्त्व असणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. जिच्यात मन गुंतते ती आवड. ज्यात लाभहानी गुंतते ते हित. व्याजाची कथा अधिक उद्बोधक आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मपीठाने कर्जावरील लाभ निषिद्ध ठरविला होता; परंतु कर्ज मुदतीत न फिटल्यामुळे धनकोस सोसाव्या लागणाऱ्या नुकसानीची भरपाई घेण्यास मुभा होती. त्या भरपाईचेच नाव पुढे व्याजाला मिळाले.

आपला 'व्याज' शब्दही असाच बोलका आहे. संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, कपट असा होतो. म्हणूनच कपट नसलेले प्रेम 'निर्व्याज' आणि स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा 'व्याजस्तुती'. इंग्रजी शिकविताना हे सांगितले, तर मुलांची मराठीही समृद्ध होईल.

यासाठी नवा अभ्यासक्रम नको, की वेगळा निधी नको. 'रमाला चित्रकलेत इंटरेस्ट आहे', 'ठेवीवर इंटरेस्ट मिळाला', 'हे गावाच्या इंटरेस्टचे आहे' अशा आशयाची तीन इंग्रजी वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकातील अर्थ मुलांनाच शोधू द्यावा. शेजारच्या शब्दांवरून अर्थ ताडण्याची सवय एकदा लागली, की ती इतर शब्दांनाही उपयोगी पडते.

हीच मुले उद्या कर्जाच्या इंग्रजी कागदांवर सह्या करणार आहेत. तेथे शब्द ओळखीचा आणि अर्थ अनोळखी राहिला, तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागेल.