दोन फुल, दोन हाफ

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आपल्या कुठल्याही वस्तीत एक फेरी मारून बघावी. मुलगे बॅट-बॉल घेऊन मैदानात गेलेले असतात. पुरुष मंडळी नाक्यावर पेपर वाचत असतात, नाहीतर मंडळाच्या मीटिंगला बसलेली असतात. आणि मुली? नळाला पाणी आलेले असते म्हणून हंडे भरत असतात. आठवी-नववीतली मुलगी आठवड्याचे कपडे पिळत असते, तिच्यापेक्षा लहान असेल ती भावाला कडेवर घेऊन दारात उभी असते. तिला कोणी डांबून ठेवलेले नसते. पण "जा, खेळून ये" असेही तिला कोणी म्हटलेले नसते. सुट्टी भावाची असते, तिच्या वाट्याला नुसता रविवार येतो.

आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहतो. मी फोर्टमधल्या एका कार्यालयात क्लार्क आहे, पत्नी घरी ब्लाऊज शिवते. आम्हाला दोन मुली. थोरली बाराव्या वर्षात आहे, धाकटी सात वर्षांची. दुसरी मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर नातेवाइकांनी पेढा तोंडात घालता घालताच सुचवले की, "अजून एक चान्स घ्या." आम्ही घेतला नाही. कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन करून मोकळे झालो. ज्या राज्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या, तिथे असा सल्ला देणारे लोक कमी नाहीत, हे आपण सर्व जाणतोच. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा आहेत त्या दोघींना नीट वाढवावे, असे आम्ही ठरवले. त्या नीट वाढवण्यातच आमचा महिन्याचा एक रविवार येतो.

पगार झाल्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी आम्ही चौघे बाहेर पडतो. धाकटी तीन वर्षांची झाल्यापासून हा क्रम सुरू आहे. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे घरखर्चाची वही ठेवतो. किराणा, लाइट बिल, शाळा, विम्याचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे, या खात्यांच्या ओळीतच 'सहल' असे एक खाते आहे. पुष्कळ घरांत सहल ही पैसे उरले तर करायची गोष्ट असते, आणि आपल्यासारख्यांच्या घरात पैसे उरत नाहीत. त्यामुळे ती खात्यावर पहिल्या तारखेलाच टाकावी लागते. ट्यूशनची फी आपण उरले तर देतो का?

हिशेब सांगतो, म्हणजे कोणाला भीती वाटायला नको. भायखळ्याच्या राणीच्या बागेचे, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे तिकीट २०१७ मध्ये वाढले, तेव्हा आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांना मिळून १०० रुपये असा दर ठेवण्यात आला. आम्ही गेलो तेव्हा तेवढेच दिले. माझा रेल्वेचा पास असतो. पत्नीचे फुल आणि मुलींची दोन हाफ तिकिटे, जाऊन-येऊन शंभराच्या आत बसतात. बाग स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे बसचा प्रश्न नाही. बसचा खर्च मात्र आता धरावा लागतो, कारण बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले. चौघे जण, दोन वेळा. शक्य तिथे आम्ही चालतो. डबा घरचा असतो. वरून चहा, लिंबूसरबत आणि धाकटीचा हट्ट धरून साडेतीनशेच्या आत दिवस होतो. मॉलमध्ये जायला पैसे पडत नाहीत असे म्हणतात, पण तिथून बाहेर पडायला पडतात. शिवाय तिथे मुलींना बघण्यासारखे काय, तर दुसऱ्यांची खरेदी.

डब्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे सहल म्हणजे घरातली बाई पहाटे चार वाजता उठणार, पंचवीस चपात्या लाटणार, सर्वांची तयारी करून देणार आणि मग लोकलमध्ये बसल्या बसल्या डुलक्या घेणार. अशी सहल तिच्यासाठी कामाचा जादा दिवस असतो. आमच्याकडे सहलीच्या दिवशी स्वयंपाकघर माझ्या आणि मुलींच्या ताब्यात असते. मी अंडी आणि बटाटे उकडतो, कणीक मळतो. थोरली चपात्या लाटते, धाकटी अंडी सोलते. चपात्यांचे नकाशे होतात. पत्नी साडेसहाला उठते आणि त्या चपात्या बिनतक्रार खाते.

खरी शाळा भरते ती स्टेशनवर. धाकटी इंग्रजी अक्षरे पुस्तकातून कमी आणि इंडिकेटरवरून जास्त शिकली. 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे, 'ए' म्हणजे अंबरनाथ. पण कसाऱ्याला 'एन' का आणि कर्जतला 'एस' का? तिने मला हे विचारले तेव्हा मी तिला कल्याणच्या पुलावर उभे करून दाखवले. इथून पुढे रूळ फुटतात. एक वाट उत्तरेकडे कसाऱ्याला जाते, एक दक्षिणेकडे कर्जतला. दिशेची अक्षरे आहेत ती. आता तीच चाळीतल्या मुलांना परीक्षेला बसवते.

जाताना दोघी आईबरोबर लेडीज डब्यात बसतात, येताना माझ्याबरोबर जनरलमध्ये. दोन्ही डबे माहीत असले पाहिजेत. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार, जलद गाडी कुठे थांबत नाही, रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे, हे थोरलीला आदल्या दिवशी बघून ठेवावे लागते. चुकामूक झाली तर उतरल्या जागेवरून हलायचे नाही, वर्दीतल्या पोलिसाला सांगायचे, बाबांचा आणि आईचा मोबाईल नंबर पाठ असला पाहिजे. तिकीटही थोरलीच काढते. एकदा खिडकीसमोर तिच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बेटा, वडिलांना पाठव, लाइन अडते आहे." मी चार पावलांवरच उभा होतो. ती मागे वळून त्यांना म्हणाली, "काका, माझं तिकीट आहे, मीच काढणार." आणि सुटे पैसे मोजून घेऊनच बाजूला झाली.

आता एक अवघड गोष्ट. बायका-मुली घराबाहेर पडताना पाणी पीत नाहीत. कारण आपल्याला ठाऊक आहे, पण घरात कोणी बोलत नाही. मुंबईत २०११ मध्ये महिला संघटनांनी 'राईट टू पी' ही मोहीम सुरू केली, ती याच कारणासाठी. बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या हव्यात एवढीच साधी मागणी होती. आम्हीही एका स्टेशनवर महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप पाहिले आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात वीस मिनिटे घालवली. कुठे सोय आहे हे आधी विचारून ठेवणे हे मी बापाचे काम मानतो. मुलगी दिवसभर तहानलेली राहून हत्ती-घोडे बघत असेल, तर त्याला सहल म्हणायचे का?

हत्तीवरून आठवले. राणीच्या बागेत मुले पेंग्विनसाठी धावतात. २०१६ मध्ये आणलेले हे पक्षी २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. काचेपलीकडे थंडगार पाणी, अलीकडे घामाघूम गर्दी. धाकटीचा प्रश्न होता की, "यांचं लाइट बिल कोण भरतं?" क्लार्कच्या मुलीला शोभेल असाच प्रश्न. मला मात्र त्याच आवारात संग्रहालयाबाहेर उभा असलेला दगडी हत्ती दाखवायचा होता. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून १९१४ मध्ये त्याला इथे उभे केले. सांधे अजून दिसतात. थोरलीने ते बोटाने मोजले.

त्या दिवशी माझी आई बरोबर होती. आईचे म्हणणे असे की, थोरली आता मोठी झाली, तिला गावभर फिरवणे बंद करा, लोक नावे ठेवतील. हे ती प्रेमानेच म्हणते. तिच्या बाराव्या वर्षी तिचे लग्न ठरले होते. रेल्वेचा नियम मात्र पाहा. पाच ते बारा वर्षांपर्यंत हाफ तिकीट, बारा पूर्ण झाली की फुल. ज्या वयात रेल्वे मुलीला पूर्ण माणूस धरते, नेमके त्याच वयात आपण तिला उंबऱ्याच्या आत घेतो. मी आईशी वाद घातला नाही, तिला बरोबर नेले एवढेच. बागेत एका झाडाखाली बसून ती म्हणाली, "ह्या फाटकावरनं तुझ्या बापाला घेऊन दवाखान्यात किती वेळा गेले असंन. आत काय हाय ते बघावं असं मनात यायचं. पर बाईमाणूस एकटं आत जाऊन काय करणार?" तेव्हापासून तिचे बोलणे थांबले असे नाही, पण कमी झाले आहे.

सगळ्यात चांगला दिवस गेला तो कान्हेरीला. दादरला गाडी बदलून बोरिवली, तिथून राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत. सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. लेण्यांच्या तिकिटात पंधरा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत, उद्यानाचे शुल्क वेगळे. माकडे हातातली पिशवी ओढून नेतात, म्हणून डबा पाठीवरच्या बॅगेत ठेवावा.

शंभराहून अधिक लेणी एका डोंगरात आहेत, हे ऐकून मुलींना काही वाटले नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाशी आलो, ओसरीच्या दोन टोकांना तेवीस फुटांच्या आसपास उंच बुद्धमूर्ती उभ्या दिसल्या, तेव्हा दोघी गप्प झाल्या. आत जाऊन दहा मिनिटे बसलो. बाहेर आल्यावर पाण्याच्या टाक्या मोजण्याचा खेळ सुरू झाला. पावसाचे पाणी पन्हळीतून टाक्यांत यावे, अशी व्यवस्था त्या भिक्खूंनी कातळ फोडून केली आहे. शिलालेखांत अशा टाकीला 'पोढी' म्हटले आहे. मी आधी वाचून गेलो होतो, म्हणून सांगू शकलो की, सातवाहनांच्या काळात ही दाने देणाऱ्यांत आपल्या कल्याणचे लोक होते. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली, कल्याणच्या लोहाराचेही दान आहे.

"आपल्या कल्याणचा लोहार?" थोरली म्हणाली. "पण तेव्हा तर लोकल नव्हती. इतक्या लांब आला कसा?"

खाडीने आला असेल, चालत आला असेल. कल्याण तेव्हा बंदर होते. मग मी सांगितले की, दान देणाऱ्यांत भिक्षुणींची आणि साध्या उपासिकांची नावेही आहेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले की, त्या बायकांना घरून कोणी सोडायला यायचे का. मी म्हटले, तसे कुठे लिहिलेले नाही. तेवढ्यात धाकटीने एका खांबावर खिळ्याने कोरलेले नाव शोधून काढले. बदामाचे चित्र, त्यात बाण. "बाबा, यांनी काय दान दिलं?" आम्ही दोघे नवरा-बायको हसलो, पण दगडावर ते नाव बघून वाईटही वाटले. आपल्या मुलांना तिथे नेणाऱ्यांनी एवढे तरी त्यांना आधी सांगून ठेवावे.

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जातो, तेव्हा शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर दोघींना प्रत्येकी दोनशे रुपये मिळतात. पुस्तके त्यांनी निवडायची, भावही त्यांनीच करायचा. मी फक्त पिशवी धरतो.

कोणी म्हणेल, तुम्हाला नोकरी आहे, शनिवार-रविवार सुट्टी आहे, तुम्हाला जमते. रोजंदारीवर जाणाऱ्या बांधवाने काय करावे? त्याचा रविवारही कामाचा असतो, हे मला मान्य आहे. त्याने भायखळ्याला जावे असे मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतला एक बिगारी काम करणारा बाप संध्याकाळी आंघोळ करून मुलीला खांद्यावर घेतो आणि कल्याण स्टेशनच्या पुलावर अर्धा तास गाड्या बघत उभा राहतो. खर्च शून्य. त्या मुलीला मेल गाड्यांची नावे पाठ आहेत. आणखी एक उपाय आमच्या चाळीत सुरू झाला आहे. आमच्याबरोबर शेजारच्या दोन मुली येतात, त्यांचे तिकीट त्यांच्या घरचे देतात, जबाबदारी आमची. पुढच्या महिन्यात ज्याला सवड असेल तो नेईल. पहिल्यांदा विचारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी मुलाचे नाव सांगितले. आम्ही म्हटले, मुलगा जरूर येऊ द्या, पण त्याच्या बहिणीबरोबर.

आता वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचा बेत आहे. ते १९८५ मध्ये सुरू झाले, मी स्वतः शाळेच्या सहलीत एकदाच गेलो होतो. यावेळचा अंदाजपत्रकाचा कागद थोरलीने स्वतः केला आहे. केंद्राचे तिकीट किती ते फोन करून विचारले, महालक्ष्मीला उतरून किती चालावे लागते ते काढले, बसच्या रकान्यात शून्य लिहिले. जूनमध्ये तिला बारा वर्षे पूर्ण होतात आणि सहल जूनमध्येच आहे. त्यामुळे रेल्वेच्या रकान्यात तिने लिहिले आहे: बाबा पास, फुल दोन, हाफ एक.